ताईची भूमिती हुकली ती कायमची

आज दहावीला बीजगणित आणि भूमिती सगळ्यांनाच असतं. अकरावीच्या जुन्या एस.एस.सी.त तसं नव्हतं. बीजगणित-भूमिती झेपणार नाही असं वाटलं तर नुसतं अंकगणित घेता यायचं. व्याज, नफा-तोटा, काळ-काम-वेग. पण तो रस्ता घेतला की पुढे विज्ञान शाखेचं दार बंद, आणि हे ठरायचं तेरा-चौदाव्या वर्षी.

माझ्या थोरल्या ताईचं असंच झालं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलं, मुलीला भूमिती काय करायचीय? ती तर माझी प्रमेयं माझ्याआधी ओळखायची! तिच्यासारख्या कितीतरी मुली अंकगणितातच राहिल्या, आणि त्याची चुटपुट मी पुढे गणित शिकवताना रोज बाळगली.

कोठारी आयोगाने (1964-66) दहावीपर्यंत गणित सर्वांना सक्तीचं असावं, असं सुचवलं. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातली पहिली दहावीची परीक्षा 1975 साली झाली. गणिताच्या या सक्तीचं मुलांना ओझं झालं, नापासांची रड वाढली, हे मी वर्गात पाहिलंय. पुढे ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय आला, काही वर्षांनी गेला. सीबीएसईने 2020च्या परीक्षेपासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्या केल्या.

सोपा पर्याय असायला माझी हरकत नाही. पण पालकांनो, तो निवडण्याआधी मुलीला एकदा विचारा, आणि पुढची कोणती दारं त्याने मिटतात तेही तिला सांगा.