सशाचा दगड

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर येता. धाप लागते, म्हणून कातळाला हात टेकता. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी छिन्नीनं फोडलेला हा काळा बेसॉल्ट. त्यात वाटाण्याएवढी एक पोकळी आहे, आत पांढरे स्फटिक चमकतायत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात यांचेच थोरले भाऊ मांडून ठेवलेत. पोकळीवर बोट ठेवा. हा लाव्हारसातला वायूचा बुडबुडा. आता डोळे मिटा.

उघडाल तेव्हा ६.६ कोटी वर्षं मागे असाल. गोदावरी नाही, ब्रह्मगिरी नाही. ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. भेगांतून लाव्हारस पसरतोय, तापल्या दुधासारखी वर साय धरत. गंधकानं घसा जळतो. समोरची दरी पाहता पाहता भरते, टेकडी बुडते. इथं एखादं जुनं उल्काविवर असतं, तर तेही असंच गडप झालं असतं. थर थिजतो, बुडबुडे आत अडकतात, वरून दुसरा थर येतो.

धुरात फट पडते आणि चंद्र दिसतो. ससा जागच्या जागी! त्याला घडताना पाहायचं तर आणखी मागं चला, ३५० कोटी वर्षं. चंद्र जवळ आहे, म्हणून केवढा तरी मोठा दिसतो. उल्कांनी खणलेल्या त्याच्या अवाढव्य खळग्यांत बेसॉल्टचाच रस भरतोय. थिजून काळे पडलेले ते डाग म्हणजे आपला ससा. म्हणूनच सशाच्या अंगावर खड्डे विरळ, भोवतालच्या जुन्या उजळ भागावर दाटी.

गुरूकडेही एक नजर टाका. त्याचा कॅलिस्टो हा चंद्र खड्ड्यांनी भरून गेलाय. आयो या दुसऱ्या चंद्रावर मात्र उल्कापाताचा एकही खड्डा सापडलेला नाही. उल्कांनी आयोला वगळलं असं समजू नका, मारा दोघांवरही झाला. पण गुरू आणि शेजारचे चंद्र आयोला सतत ओढून पिळतात, तो आतून तापून वितळतो, आणि चारशेहून अधिक ज्वालामुखी अंगण सारवावं तसा त्याचा चेहरा सारवत राहतात. युरोपा या गुरूच्या आणखी एका चंद्रावर हेच काम बर्फ करतं.

परत या. बोटाखाली तोच बुडबुडा आहे, आता गार. बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला, याच कातळावर उल्का आदळली तेव्हा लाव्हारस केव्हाच थिजला होता. सारवायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर आजही तिथं आहे.