जांभळ्या पटलाची हकीकत

खारवलेला मासा लाल पडला की त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. कॅनडातील कॉड माशांच्या धंद्याला या लालीने फार सतावले होते. १९२२ साली हॅरिसन आणि केनेडी या संशोधकांनी तिचा माग काढला. खोट माशात नव्हती. समुद्राचे पाणी आटवून केलेल्या मिठाबरोबर एक लाल सूक्ष्मजीव येत होता. आज त्याला हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरम म्हणतात. (नावात बॅक्टेरियम असले तरी तो जीवाणू नव्हे. आर्किया हा निराळाच गट आहे, हे १९७७ पासून कळू लागले.) त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत, गोव्यातील रायबंदरच्या मिठागरांतून असे लवणप्रिय आर्किया वेगळे काढण्यात आले आहेत.

वीस-पंचवीस टक्के मिठाच्या पाण्यात साध्या जीवाणूच्या पेशीतले पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते. हॅलोबॅक्टेरियम पेशीत पोटॅशियम क्लोराइड भरून तोल सांभाळतो. मात्र गोड्या पाण्यात टाकताच तो फुटतो. प्रयोगशाळेत ही उणीव सोयीची ठरली, कारण याची पेशी फोडायला नुसते पाणी पुरते.

वॉल्टर स्टोकेनियस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटले पाहत असत. हा सूक्ष्मजीव पाण्यात फोडला की पटलाचा बराच भाग विरघळे, पण काही जांभळे तुकडे शाबूत राहत. १९६९ मध्ये म्युनिकचे रसायनतज्ज्ञ डीटर ओस्टरहेल्ट त्यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला आले. या तुकड्यांवर सेंद्रिय द्रावक घातला की जांभळा रंग जाऊन पिवळा येई. प्रयोगशाळेतील ॲलन ब्लाउरॉक यांनी पूर्वी बेडकाच्या दृष्टिपटलावर काम केले होते. बोलता बोलता संशय आला, की हे रेटिनॅल तर नसेल? रेटिनॅल हे अ जीवनसत्त्वाचे भावंड. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाला ते जोडलेले असते; तोवर ते प्राण्यांतच ठाऊक होते. डोळे नसलेल्या जिवाकडे ते कसे असेल? पण ते रेटिनॅलच निघाले, आणि १९७१ साली ते प्रथिन बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या नावाने प्रसिद्ध झाले.

त्याचे काम काय, तेही दोनच वर्षांत समजले. प्रकाशकण शोषून ते प्रोटॉन पेशीबाहेर टाकते. ते प्रोटॉन परत आत येताना दुसऱ्या एका विकरातून येतात आणि त्या ओघावर एटीपी तयार होते. दाट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो, तेव्हा ही सोय उपयोगी पडते. वर्गात याला ‘हरितद्रव्यावाचून प्रकाशसंश्लेषण’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण येथे कर्बवायूपासून साखर बनत नाही.

त्या सुमारास जीवरसायनशास्त्रात एक मोठा वाद चालू होता. प्रोटॉनच्या ओघावर एटीपी बनते, ही पीटर मिचेल यांची १९६१ ची कल्पना अनेकांना पटत नव्हती. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्या केल्या. त्यांत मिठातल्या या जिवाचे प्रथिन बसवले आणि गाईबैलांच्या हृदयातील तंतुकणिकांचे एटीपी बनवणारे विकरही बसवले. प्रकाश पाडला आणि एटीपी तयार झाले. या दोन प्रथिनांचे एकमेकांशी काही नाते नाही. त्यांच्यात सामाईक ते फक्त प्रोटॉन. मला विचाराल तर त्या शतकातील सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी हा एक. १९७८ चे नोबेल मिचेल यांना मिळाले.

हे प्रथिन पटलात सपाट स्फटिकासारखे ओळीने रचलेले असते. म्हणूनच केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांना १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची घडण पाहता आली. पटलातून आरपार गेलेली सात मळसूत्रे दिसली. १९९० पर्यंत अणूंच्या जागाही कळल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने प्रथिने पाहण्याची ही वाट पुढे इतरांनी रुंद केली. हेंडरसन २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले, आणि २०२० मध्ये करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना याच तंत्राने काही आठवड्यांत हाती आली.

थेट उपयोगांचे काय? १९९० च्या आसपास या जांभळ्या प्रथिनापासून संगणकाची स्मृती बनवण्याची फार चर्चा झाली. तसा संगणक दुकानात आला नाही. बाजारात आले ते एक्टोईन. १९८५ मध्ये ते इजिप्तमधील वादी नत्रूनच्या खाऱ्या सोडा-सरोवरांतील एका जीवाणूत सापडले. ते पेशीला मिठापासून राखते, आणि आज नाकाच्या फवाऱ्यांत व त्वचेच्या मलमांत असते. ते काढायची रीत गमतीची आहे. जीवाणू आधी दाट मिठात वाढवायचे, मग सौम्य पाण्यात घालायचे. ते एक्टोईन बाहेर सोडतात आणि पुन्हा मिठात जातात. तज्ज्ञ याला जीवाणूंचे दोहन म्हणतात.

वादी नत्रूनमध्येच आणखी एक लवणप्रिय आर्किया सापडला. त्याचे हॅलोऱ्होडॉप्सिन प्रकाशात क्लोराइड आत ओढते. २००७ मध्ये ते चेतापेशीत घालून, पिवळ्या प्रकाशाने तिला गप्प करता आले. आपल्या डोळ्यातील शंकुपेशीही प्रकाश पडला की अशाच ऋणभारित होऊन शांत होतात. म्हणून २०१० मध्ये आंधळ्या उंदरांच्या निकामी शंकुपेशींत हे प्रथिन घातले गेले, आणि त्या पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या.

ओस्टरहेल्ट यांचे विद्यार्थी पीटर हेगेमान यांनी सहकाऱ्यांबरोबर हिरव्या शैवालात याच घराण्यातील प्रथिने शोधली होती. अनेक वर्षे अंध असलेल्या एका ५८ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात तशा एका प्रथिनाचे जनुक घालण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खास चष्मा लावून त्याला टेबलावरची वही कुठे आहे ते सांगता आले, तिला हात लावता आला. वाचता मात्र आले नाही.