तसबिरीवरची जर



आजोळच्या घरात, नाहीतर एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात पाहिलेली एक तसबीर आठवून बघा. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, मागे पाणी, बाजूला हत्ती. चित्र कागदावर छापलेलं, पण लक्ष्मीच्या साडीचे काठ खऱ्या जरीचे. दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी. कधी तर अख्खी साडीच कापड कापून चिकटवलेली. चेहरा, हात आणि पाय तेवढे छापील.

आजच्या कलाशाळेत अशा कामाला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतील. घरच्यांच्या लेखी ती फक्त देवाची तसबीर होती. ती तुमच्या भिंतीवर येईपर्यंत किती हातांतून गेली, ते आज पाहू.

पहिला हात राजा रविवर्मांचा. जन्म १८४८ चा, त्रावणकोरमधल्या किळिमानूरचा. तैलरंगात त्यांचं नाव झालं ते राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांमुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. पण असं चित्र एका राजवाड्यात टांगलं गेलं की बाकीच्यांनी ते पाहायचं कुठे? तंजावरच्या मराठी कुळातले, आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं, की निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्मांनी पुढे यंत्रंच इकडे आणली. १८९४ साली मुंबईत, गिरगावात, त्यांचा छापखाना सुरू झाला.

चित्रं छापणारे ते पहिलेच नव्हते, हेही सांगायला हवं. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्येच चित्रशाळा काढली होती. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी तिची चित्रं घरोघरी पोचली होती. रविवर्मांना हवी होती ती तैलचित्राची झाक.

इथे दुसरा हात येतो, दगडावर काम करणाऱ्या कारागिराचा. ही शिळाछपाई. तिचं तत्त्व साधं आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला करायचा आणि वरून रंगाचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर रंग बसत नाही, तेलकट रेषेवर बसतो. मग कागद ठेवून दाब द्यायचा. दगड उत्तम लागतो तो जर्मनीतल्या बव्हेरियाचा. आलोइस झेनेफेल्डरने ही पद्धत शोधली तीही तिथेच.

रंगीत चित्र म्हटलं की काम कैकपटीने वाढतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका चित्राला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त. कारागिराने मूळ चित्र पाहून ओळखायचं, की लक्ष्मीच्या गालावरच्या त्या छटेत पिवळा किती, गुलाबी किती, तपकिरी किती. मग प्रत्येक रंगाचे बारीक ठिपके त्या त्या दगडावर हाताने द्यायचे, तेही उलटे, आरशात दिसावेत तसे. तोच कागद प्रत्येक दगडावरून जाणार. एकदा केसभर सरकला तरी देवीचा डोळा जागेवरून हलला. शेवटी वॉर्निश आणि कापडासारखा खरखरीत पोत, म्हणजे लांबून तैलरंग वाटावा. यालाच ‘ओलिओग्राफ’ म्हणत. छापखान्यात जर्मन तंत्रज्ञ होते, इथले कारागीरही होते. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

धंदा मात्र जमला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून गेली, काम खोळंबलं. छापखाना शेवटी कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला हलवला. धाकटे बंधू राजा राजवर्मा कारभार पाहायचे, पण कर्ज वाढतच गेलं. १९०३ च्या सुमारास रविवर्मांनी छापखाना, चित्रं छापण्याच्या हक्कांसह, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले. छापखाना पुढेही अनेक वर्षं चालला. लोणावळ्याला त्याच्यासाठी छपाईचं काम करणाऱ्यांत एक तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब ते हेच.

कलासमीक्षकांनी या चित्रांना फारसा मान दिला नाही. आनंद कुमारस्वामींसारख्यांना त्यात भारतीय कलेचा आत्मा दिसेना. ‘कॅलेंडरछाप’ हा शब्द आपण आजही नाक मुरडूनच वापरतो.

पण लोकांनी त्या छापांचं काय केलं, ते बघा. इथे तिसरा हात येतो. कुणी ते विकण्यासाठी सजवले, कुणी घरच्यासाठी. बाजारातून आलेला कागद म्हणजे शेकडो घरांत असलेलीच लक्ष्मी. तिला एखादीने जुन्या शालूची जर लावली, टिकल्या टाचल्या, चोळीला कापड दिलं, आणि ती लक्ष्मी तिच्या घरची झाली. तशी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. छापखान्याने एकाची अनेक केली होती. सुईने अनेकांतली एक पुन्हा वेगळी केली. हा प्रयोग करणारीने खाली सही केली नाही. चित्रावर नाव राहिलं ते रविवर्मांचं.

अशी तसबीर तुमच्याकडे असेल, किंवा पुढच्या सुट्टीत देशातलं घर आवरताना सापडली, तर तीन गोष्टी करा.

एक, खालची कड पाहा. ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी इंग्रजी अक्षरं तिथे असू शकतात. दोन, भिंगातून चेहरा पाहा. ठिपके ओळीत, एकसारखे दिसले तर छपाई अलीकडची, यंत्राने रंग वेगळे केलेली. लहानमोठे, हाताने दिल्यासारखे दिसले तर ते दगडावरचं काम असण्याची शक्यता मोठी. तीन, जर काळवंडली म्हणून उपटू नका आणि तसबीर उन्हात टांगू नका.

आणि मुख्य म्हणजे, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आजच फोन करून विचारा : ही जर कुणी लावली? कदाचित नाव सापडेल. सापडलं तर तसबिरीच्या मागे एक चिठ्ठी लावून ठेवा. रविवर्मांचं नाव पुढे आहेच, तिचं निदान मागे तरी राहू दे.