धातू कारखान्यांतील सुरक्षा तपासणी व दंड (भारत)

धातूचा पत्रा कापणे, दाबून आकार देणे, घासणे, ओतकाम इत्यादी कामे चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांच्या जीविताच्या रक्षणार्थ होणारी वैधानिक पाहणी म्हणजे सुरक्षा तपासणी होय. भारतात ती दीर्घकाळ कारखाने अधिनियम, १९४८ या कायद्यानुसार होत असे. महाराष्ट्रात तिची जबाबदारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

यंत्रांचे संरक्षण

धातुकामातील ठळक धोका पॉवर प्रेसचा असतो. पत्रा साच्यात ठेवण्यासाठी कामगाराचा हात साच्याखाली जातो. त्याच क्षणी प्रेस खाली आल्यास बोटे तुटतात. जुन्या क्लचच्या प्रेसमध्ये पायपट्टी एकदाच दाबूनही दुसरा ठोका पडू शकतो. यावर उपाय म्हणून आवरण (गार्ड), दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे किंवा हात आड येताच यंत्र थांबवणारा प्रकाशपडदा वापरतात. गार्डमुळे कामाचा वेग मंदावतो, म्हणून तो काढून ठेवला जातो. निरीक्षकाला प्रत्यक्ष शोधावी लागते ती हीच गोष्ट.

अधिनियमाच्या कलम २१ नुसार यंत्राचा धोकादायक भाग भक्कम आवरणाने झाकलेला असणे व यंत्र चालू असताना ते आवरण जागेवर राहणे आवश्यक होते. जवळपास अशाच शब्दांतील ब्रिटिश तरतुदीचा अर्थ लावताना हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५५ साली जॉन समर्स कंपनीच्या खटल्यात असे ठरवले की, आवरणामुळे घासचक्र निरुपयोगी होत असले तरी मालकाचे कर्तव्य सुटत नाही. क्रेन, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी कलम २९ प्रमाणे आवश्यक होती. वितळलेल्या धातूची पात्रे क्रेनने उचलली जात असल्याने ओतशाळेत या तरतुदीला विशेष महत्त्व होते.

निरीक्षकाचे अधिकार

निरीक्षक कारखान्यात प्रवेश करून यंत्रे व नोंदवह्या तपासू शकतो, अपघाताची चौकशी करू शकतो आणि जबाब घेऊ शकतो. मात्र स्वतःला दोषी ठरवणारे उत्तर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. जीविताला तातडीचा धोका दिसल्यास यंत्राचा वापर लेखी आदेशाने थांबवता येतो. कारखाने अधिनियमानुसार गुन्हा निरीक्षकाच्या निदर्शनास आल्यापासून सामान्यतः तीन महिन्यांत फिर्याद दाखल करावी लागत असे.

दंड

कलम ९२ अन्वये भोगवटादार व व्यवस्थापक यांना दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत होत्या. सुरक्षाविषयक तरतुदींच्या भंगामुळे मृत्यू झाल्यास किमान २५,००० आणि गंभीर दुखापत झाल्यास किमान ५,००० रुपये दंड ठरवलेला होता. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या या रकमा केंद्रीय कायद्यात पुढे वाढल्या नाहीत आणि कालांतराने नाममात्र उरल्या. कंपनीच्या बाबतीत भोगवटादार संचालकांपैकीच असावा, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात वैध ठरवली. त्यामुळे जबाबदारी केवळ कनिष्ठ अधिकाऱ्यावर ढकलता येत नाही.

नवी संहिता

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तीनुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची निम्मी किंवा अधिक रक्कम पीडिताला वा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. निरीक्षकाला आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ म्हटले जाते आणि तपासणीसाठी कारखान्यांची यादृच्छिक निवड संगणकाद्वारे करण्याची सोय आहे. कारखाना ठरण्यासाठीची कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० वरून २० झाल्याने अनेक लहान प्रेसशॉप ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर राहतात.