कथील : कल्हईतला आणि काचेमागचा धातू

पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, हे पूर्वीच्या गृहिणींना सांगावे लागत नसे. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहणारा कल्हईचा पातळ थर म्हणजे कथील. स्टेनलेस स्टील घरोघरी आले आणि कल्हईवाल्यांची हाळी शहरांतून जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. आता तांब्या-पितळेची भांडी हौसेने पुन्हा घेतली जात असताना या धातूची माहिती असणे अगत्याचे आहे.

कथील हे चांदीसारखे पांढरे, मऊ मूलद्रव्य असून त्याचा अणुक्रमांक ५० आहे. ते अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, हवा-पाण्याने सहसा गंजत नाही आणि अन्नातील सौम्य आम्लांना बऱ्यापैकी दाद देत नाही. कल्हईचे सारे तंत्र यावरच उभे आहे. भांडे तापवून त्यात नवसागर टाकला की पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवताच ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सर्वत्र पसरवले जाते.

खरा धोका भेसळीचा. शिसे कथलापेक्षा पुष्कळ स्वस्त असते आणि त्याच्या मिश्रणाने वितळणबिंदूही खाली येतो. पण शिसे विषारी असून लहान मुलांना विशेष घातक आहे. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर करकर आवाज येतो, शिशाचा येत नाही. थोडी भेसळ मात्र कानाला कळेलच असे नाही. म्हणून खात्रीच्या कारागिराकडूनच कल्हई करून घ्यावी. कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, तारेच्या घासणीने खरवडू नये आणि आतून तांबूस वा पिवळा रंग दिसू लागताच पुन्हा कल्हई करावी.

तांब्यात कथील मिसळले की कांस्य बनते. तळपायाला तेल चोळण्याची काशाची वाटी याच कुळातली. बोलीभाषेत ज्याला आपण ‘टिनचा डबा’ म्हणतो तो वस्तुतः पोलादी पत्रा असतो, त्यावर कथलाचा मुलामा तेवढा असतो. (छपराच्या पत्र्यावर तर कथील नव्हे, जस्त असते.) खिडकीची सपाट काचही कथलाच्या ऋणात आहे : १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या पद्धतीनुसार वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत ठेवून सपाट केली जाते.

आज सर्वाधिक कथील लागते ते इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील जोडकामासाठी. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून अशा उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर सोल्डरमधील कथलाचे प्रमाण वाढले. कॅसिटराइट हे त्याचे मुख्य खनिज. चीन आणि इंडोनेशिया हे मोठे उत्पादक देश असून भारतात हे खनिज प्रामुख्याने छत्तीसगडच्या बस्तर भागात आढळते.