संततिनियमनापासून गोळीपर्यंत : सुरक्षिततेच्या प्रश्नाचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास

गर्भनिरोधक गोळीसंबंधी दोन प्रश्न नेहमी प्रथम विचारले जातात : ती कितपत परिणामकारक आहे, आणि तिच्यापासून शरीरास अपाय होतो काय? गोळीचा इतिहास लिहिताना या प्रश्नांचा आरंभ बहुधा १९६० नंतरच्या काळात शोधला जातो. वस्तुतः संततिनियमनाच्या साधनांविषयी हेच प्रश्न मराठीत त्यापूर्वी तीसचाळीस वर्षे विचारले जात होते. मात्र त्यांची उत्तरे उघडपणे द्यावीत की नाही, हाच त्या काळी वादाचा विषय होता.

या वादाच्या केंद्रस्थानी रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे होते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले; त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले व ते मृत्यूपर्यंत चालविले. त्यांच्यावरील १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्याचे मूळ वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होते. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. तरीही कर्व्यांना दंड झाला. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात मांडण्यात आला. तो आंबेडकरांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडला आणि तो फेटाळला गेला.

दरम्यान, डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींची संमती मिळाली नाही. संयम हाच त्यांच्या मते मार्ग होता. सतरा वर्षांनी, १९५२ मध्ये, सँगर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस पुन्हा आल्या. धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संघाने ही परिषद भरविली होती, आणि तीतूनच या कार्याची जागतिक संघटना उदयास आली. पुढील वर्षी सँगर यांच्या मध्यस्थीने कॅथरिन मॅककॉर्मिक यांनी ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञास द्रव्यसाहाय्य देऊ केले. ज्या १९५३ साली कर्वे निवर्तले, त्याच साली गोळीच्या संशोधनास असा वेग आला.

या गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर झाली. चाचणीचे काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी गोळी परिणामकारक असल्याचे नोंदविले. पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांसारखे त्रास झाले, म्हणून ती सर्वसाधारण वापरास योग्य नाही, असेही कळविले. हा इशारा फारसा मानला गेला नाही. चाचणीतील स्त्रियांनाही आपल्यावर नव्या औषधाचा प्रयोग होत आहे, याची पुरेशी कल्पना देण्यात आली नव्हती. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीस मान्यता मिळाली. तिच्यातील इस्ट्रोजेनचे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होते. १९६१ पासून रक्ताच्या गाठी होण्याच्या तक्रारी प्रसिद्ध होऊ लागल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अभ्यासांनी हा संबंध सिद्ध केला. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधील सुनावणीत तरुण स्त्रियांनी मध्येच उठून, गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीची साक्ष का घेतली जात नाही, असा सवाल केला. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात वापरणाऱ्या स्त्रीसाठी माहितीपत्रक घालण्याचा निर्णय झाला.

भारतातील शासकीय कार्यक्रमात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गोळीत इस्ट्रोजेनचे प्रमाण अवघे ३० मायक्रोग्रॅम आहे. पाकिटात अशा २१ गोळ्या व लोहाच्या ७ गोळ्या असतात. नियमाने घेतल्यास अशा गोळीने वर्षाकाठी शंभरांत एकाही स्त्रीस गर्भ राहत नाही, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पण प्रत्यक्ष वापरात गोळी चुकते आणि हे प्रमाण सुमारे सातावर जाते. रक्ताची गाठ होण्याचा धोका गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५, तर घेणाऱ्यांत ३ ते ९ इतका आढळतो; गर्भारपणात व बाळंतपणानंतर तो याहूनही अधिक असतो. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, तसेच उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांना मात्र ही गोळी वर्ज्य मानतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत निर्माण झालेली व १९९१ मध्ये बाजारात आलेली ‘सहेली’ ही इस्ट्रोजेनविरहित आहे. तिच्यामुळे पाळी लांबू शकते.

या सर्व परिणामांना मराठीत सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतात. मूळ पाश्चात्त्य संज्ञेत ‘बाजूचा’ एवढाच अर्थ आहे. मराठी शब्दात ‘दुस्’ हा उपसर्ग निवाडाच देऊन टाकतो. परिणामी दोन महिन्यांत ओसरणारी मळमळ आणि प्राणावर बेतणारी गाठ ही एकाच शब्दात बसतात, आणि ऐकणारी स्त्री दोहोंना सारखीच भिते. ‘आनुषंगिक परिणाम’ हा पर्याय शास्त्रीय लेखनात शोभतो, पण दवाखान्यात चालत नाही. कार्यक्रमाच्या नावाचा प्रवासही असाच बोधप्रद आहे. कर्व्यांच्या ‘संततिनियमना’त नियमन करणारे दांपत्य होते, ‘कुटुंबनियोजना’त शासन पुढे आले, १९७७ नंतर ‘कुटुंबकल्याण’ हा शब्द रूढ झाला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. त्या मानाने गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प होते. या अंतराची कारणे अनेक असतील. शासनाने दीर्घकाळ शस्त्रक्रियेवर दिलेला भर हे त्यांतील एक ठळक कारण होय.

गोळीतील औषधाचे प्रमाण घटले ते प्रयोगशाळेतील संशोधनाने. पण ते घटविण्याची निकड उत्पन्न केली ती तक्रार नोंदविणाऱ्यांनी आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी. मुंबईच्या न्यायालयात १९३४ मध्ये ज्या प्रश्नोत्तरांस दंड झाला आणि १९७० मध्ये जे माहितीपत्रक पाकिटात आले, त्या दोहोंमागील मागणी एकच होती : आपल्या शरीरात काय घडणार आहे ते जाणून घेण्याचा अधिकार. मराठीत ती मागणी प्रथम एका छोट्या मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या पानांवर उमटली, हे त्या मासिकाचे ऐतिहासिक महत्त्व होय.