शेअरपॉइंट हेल्थ अ‍ॅनालायझर

शेअरपॉइंट हेल्थ अ‍ॅनालायझर : मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या दस्तऐवज व आशय व्यवस्थापन प्रणालीत अंतर्भूत असलेली स्वयंचलित आरोग्यतपासणीची यंत्रणा. ठरलेल्या वेळी सर्व सर्व्हर व डेटाबेस तपासणे, दोष आढळल्यास तो उपायासह प्रशासकापुढे मांडणे आणि मोजके दोष स्वतःच दुरुस्त करणे ही तिची कामे. शेअरपॉइंट २०१० या आवृत्तीत ती प्रथम आली. पुढे २०१३, २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशन या सर्व आवृत्त्यांत ती कायम राहिली.

मोठ्या संस्थेचे करारनामे, परिपत्रके, निविदा, मंजुरीच्या फायली असा सगळा कारभार अशा प्रणालीत साठवलेला असतो. शेअरपॉइंटमध्ये एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या समूहाला ‘फार्म’ म्हणतात. काही सर्व्हर वापरकर्त्याला पाने दाखवतात, काही शोध व इतर सेवा चालवतात आणि या सगळ्यांच्या मागे डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर असतो. वापरकर्त्याने चढवलेली फाइल सहसा एखाद्या फोल्डरात पडून राहत नाही, ती कंटेंट डेटाबेसमध्ये जाते. त्यामुळे डेटाबेस आजारी पडला की कागदपत्रेच आजारी पडतात. वापरकर्त्याला मात्र एवढेच दिसते की पान उघडायला वेळ लागतो आहे. हा आजार तक्रार येण्याआधी ओळखता यावा, यासाठी ही यंत्रणा आहे.

शेअरपॉइंटची पहिली आवृत्ती २००१ची. त्याच वर्षी आयबीएमने स्वतःची देखभाल स्वतः करणाऱ्या संगणकप्रणालींची कल्पना जाहीरपणे मांडली. जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी २००३ साली लिहिलेल्या लेखात तिचे चार गुण सांगितले : स्वतःची मांडणी, स्वतःची सुधारणा, स्वतःची दुरुस्ती आणि स्वतःचे संरक्षण. निरीक्षण, विश्लेषण, नियोजन आणि कृती असे चक्रही त्यांनी आखून दिले. शेअरपॉइंटमध्ये ही कल्पना हळूहळू उतरली. २००७च्या आवृत्तीसाठी बेस्ट प्रॅक्टिसेस अ‍ॅनालायझर नावाचे वेगळे साधन होते. ते आठवणीने उतरवून घ्यायचे, चालवायचे आणि त्याचा अहवाल वाचायचा. ही आठवण ठेवणेच बहुतेक ठिकाणी राहून जाई. त्याच आवृत्तीच्या, २००९मध्ये आलेल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने डेटाबेसचे विस्कळित इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूची, आपोआप नीट लावणारे काम जोडले. २०१०मध्ये तपासणी आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी प्रणालीच्या आतच एकत्र आल्या.

नियमाची रचना. हेल्थ अ‍ॅनालायझरचा घटक म्हणजे ‘नियम’. हे नियम सुरक्षा, कार्यक्षमता, मांडणी आणि उपलब्धता अशा वर्गांत विभागलेले असतात. प्रत्येक नियमाला वेळापत्रक असते : दर तासाला, रोज, आठवड्याला, महिन्याला किंवा फक्त सांगितल्यावर. नियम फार्ममधल्या प्रत्येक सर्व्हरवर चालवायचा की कोणत्याही एकावर, हेही ठरलेले असते. नियम चालवण्याचे काम ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या टायमर सेवेकडे असते. निकाल सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या प्रशासकाच्या संकेतस्थळावर जमा होतात. गंभीर दोष असेल तर त्या स्थळाच्या मुखपृष्ठावर लाल पट्टी येते, सौम्य असेल तर पिवळी.

निकालांचे हे पान म्हणजे शेअरपॉइंटचीच एक साधी यादी आहे. त्यामुळे इतर कोणत्याही यादीसारखी तिच्यावर ई-मेलची सूचना लावता येते आणि नवा दोष नोंदला की प्रशासकाला मेल जातो. अर्थात त्यासाठी फार्ममधून मेल बाहेर जाण्याची सोय आधी केलेली हवी. ती केलेली नसेल तर तसे सांगणारा नियमही यादीत आहे. पण त्याचा इशारा मेलने पोचणार नाही, तो पान उघडूनच वाचावा लागेल.

संस्थेला स्वतःचे नियमही लिहिता येतात. नियम लिहिणाऱ्याला तीन मजकूर द्यावेच लागतात : दोष थोडक्यात, दोषाचे स्पष्टीकरण आणि त्यावरचा उपाय. मग तपासणीचा कोड. दुरुस्ती करू शकणाऱ्या नियमांसाठी वेगळा मूळ वर्ग आहे, त्यात तपासणीबरोबर दुरुस्तीचा कोडही लिहावा लागतो. दुरुस्ती आपोआप व्हावी की प्रशासकाने बटण दाबल्यावर, हे प्रत्येक नियमासाठी वेगळे ठरवता येते. या यंत्रणेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच आहे. दोष ओळखणे एक, तो निस्तरण्याचा अधिकार देणे दुसरे; या दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. आणखी एक चांगली गोष्ट : नियमच चालू शकला नाही तर त्याचीही स्वतंत्र नोंद होते. तपासणी झालीच नाही आणि तपासणीत काही आढळले नाही, यांतला फरक त्यामुळे झाकला जात नाही.

आपोआप होणारी दुरुस्ती. आपोआप दुरुस्तीचे ठळक उदाहरण इंडेक्सचे आहे. शेअरपॉइंटच्या डेटाबेसमध्ये नोंदींना ओळख म्हणून लांबलचक, यदृच्छ क्रमाचे आकडे दिले जातात. क्रमच नसल्यामुळे नवी नोंद इंडेक्सच्या शेवटी न बसता मधे कुठेतरी घुसवावी लागते, इंडेक्सची पाने फुटतात आणि इंडेक्स विस्कळित होत जातो. हेल्थ अ‍ॅनालायझरचा नियम ही विस्कळितता मोजतो आणि वाढलेली आढळली तर इंडेक्स पुन्हा बांधायला घेतो. कागदपत्रांतल्या एका अक्षरालाही यात धक्का लागत नाही. बांधलेला इंडेक्स पुन्हा बांधता येतो, म्हणून हे काम यंत्राच्या हाती निर्धास्त द्यावे.

पण त्यालाही किंमत आहे. एसक्यूएल सर्व्हरची एंटरप्राइझ आवृत्ती असेल तर इंडेक्स बांधताना काम चालू राहू शकते. स्टँडर्ड आवृत्तीत त्या काळात टेबल अडवले जाते. बदलांची नोंद ठेवणारा ट्रॅन्झॅक्शन लॉग तर दोन्हींत फुगू शकतो. रात्री चालणारा बॅकअप आणि ही दुरुस्ती एकाच वेळी आली तर सकाळी दोन्ही अर्धवट सापडू शकतात. वेळापत्रक पाहून हे टाळणे माणसाचे काम आहे. डेटाबेसची सांख्यिकी, म्हणजे कोणत्या मार्गाने शोधल्यास माहिती लवकर मिळेल हे ठरवणारी आकडेवारी, ताजी ठेवणाराही एक नियम आहे. मात्र ती शिळी राहून फार्म मंदावल्याच्या तक्रारी आल्यावर मायक्रोसॉफ्टनेच सल्ला दिला की या नियमावर विसंबू नये. डेटाबेस प्रशासकाने स्वतंत्र देखभाल योजना आखून संपूर्ण डेटा वाचून ही सांख्यिकी अद्ययावत करावी.

इशारे आणि त्यांचे वाचन. बहुतेक नियम दुरुस्ती करत नाहीत, इशारा देतात. या इशाऱ्यांचे वाचन हे कौशल्याचे काम आहे, आणि प्रशासकांचा वेळ सर्वांत जास्त इथेच जातो.

डिस्कवरच्या मोकळ्या जागेचा नियम घ्या. जागा रॅमच्या पाचपटीपेक्षा कमी झाली की इशारा येतो आणि दुपटीपेक्षा कमी झाली की तो गंभीर होतो. त्यामागचा विचार बरोबर आहे : सर्व्हर कोसळलाच तर संपूर्ण स्मृतीची नोंद डिस्कवर लिहून पुढचे काम चालू ठेवण्याइतकी जागा हवी. पण ६४ जीबी रॅमच्या सर्व्हरला या हिशेबाने ३२० जीबी जागा मोकळी लागते. सर्व्हर वेगवान व्हावा म्हणून रॅम वाढवली की दुसऱ्या दिवशी डिस्कचा इशारा उभा! ३०० जीबी मोकळे असताना ‘जागा संपत आहे’ असे रोज वाचणारा प्रशासक काही दिवसांनी ती पट्टीच पाहीनासा होतो, आणि मग त्याच पट्टीतला खरा इशाराही नजरेतून सुटतो. असा नियम आपल्या सर्व्हरच्या बाबतीत विचारपूर्वक बंद करणे हे पट्टीकडे डोळेझाक करण्यापेक्षा कितीतरी चांगले.

खात्यांच्या नियमांत २०१०च्या आवृत्तीत उघड विसंगती होती. सेवा चालवणारे खाते सर्व्हरच्या स्थानिक प्रशासक गटात असू नये, असे हेल्थ अ‍ॅनालायझर सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु वापरकर्त्यांची माहिती जुळवणारी युझर प्रोफाइल सिंक्रोनायझेशन सेवा सुरू करताना फार्मचे खाते त्याच गटात असावे लागे. सूचनांप्रमाणे वागणाऱ्यालाच इशारा मिळे. सेवा सुरू झाल्यावर खाते गटातून काढून टाकणे हा त्यावरचा उपाय, आणि अनेक ठिकाणी नेमके तेवढेच राहून जाई. फार्मचे खाते इतर सेवांसाठी वापरू नये हाही एक नियम आहे. तिथेही दुरुस्ती हातानेच करावी लागते, कारण कोणत्या सेवेला कोणते खाते द्यायचे हा संस्थेचा निर्णय असतो.

सर्वांत चिवट इशारा म्हणजे ‘सर्व्हरवरील आवश्यक घटक सापडत नाहीत’ हा. एखादा वेब पार्ट किंवा जोडसुविधा सर्व्हरवरून काढलेली असते, पण कधीकाळी ती वापरलेल्या पानांतले तिचे संदर्भ डेटाबेसमध्ये तसेच राहिलेले असतात. इशाऱ्यात घटकाचा ओळखक्रमांक, डेटाबेसचे नाव आणि संदर्भ किती वेळा आला ती संख्या दिलेली असते. कोणत्या विभागाच्या कोणत्या पानावर तो आहे, हे मात्र सहजी कळत नाही. थेट डेटाबेसमध्ये हात घालून नोंदी बदलण्यास मायक्रोसॉफ्टची सक्त मनाई आहे. तसे केल्यास त्या फार्मला कंपनीचे साहाय्य मिळत नाही. म्हणून पाने शोधायची, त्यांचा मालक गाठायचा आणि घटक परत बसवायचा की पानातून काढायचा हे त्याला विचारायचे. या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नाही. पानाला अजून कोणी वाली आहे का, हे संस्थेतल्या माणसांनाच ठाऊक असते.

जुन्या आवृत्त्यांतली डेटाबेस दुरुस्तीची आज्ञा या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूळ संकेतस्थळाशी नाते तुटलेल्या पोरक्या नोंदी ती शोधते, आणि एक जास्तीचा पर्याय दिला तर त्या पुसून टाकते. इंडेक्स बांधणे आणि नोंद पुसणे या दोन्हींना ‘दुरुस्ती’च म्हटले जाते, पण पहिली उलटवता येते आणि दुसरी बॅकअपशिवाय येत नाही. स्वयंचलित दुरुस्तीची मर्यादा इथेच आखायला हवी : जी कृती आशयाला स्पर्श करते, ती माणसाच्या संमतीशिवाय होऊ नये.

शेजारच्या यंत्रणा. हेल्थ अ‍ॅनालायझर तास-दिवसांच्या गतीने पाहतो. क्षणाक्षणाचा भार पाहण्यासाठी वेगळी सोय आहे. सर्व्हर दर काही सेकंदांनी उपलब्ध स्मृती आणि खोळंबलेल्या विनंत्या पाहून स्वतःला ० ते १० या मापात गुण देतो आणि प्रत्येक उत्तरासोबत तो आकडा पाठवतो. ० म्हणजे निरोगी. भार हाताबाहेर जाऊ लागला तर काही विनंत्या नाकारल्या जातात आणि नवी टायमर कामे थांबवली जातात, म्हणजे वापरकर्त्याचे चालू काम तरी वाचावे.

२०१३च्या आवृत्तीत फार्ममधल्या एखाद्या संकेतस्थळाच्या मालकालाही आपले स्थळ तपासता येऊ लागले. परस्परविरोधी आशयप्रकार, मूळ रूपात बदल केलेल्या फायली, हरवलेल्या गॅलऱ्या असे दोष यात कळतात. स्थळ नव्या आवृत्तीत नेण्याआधी ही तपासणी आपोआप होते. २०१६मध्ये सर्व्हरला भूमिका नेमून देण्याची पद्धत आली. नेमलेल्या भूमिकेपेक्षा वेगळी सेवा एखाद्या सर्व्हरवर चालू असेल तर मध्यरात्रीच्या तपासणीत ते उघडकीस येते. प्रशासकाने स्वतः मांडणी केलेल्या ‘कस्टम’ भूमिकेच्या सर्व्हरना मात्र या तपासणीतून वगळलेले असते.

मर्यादा. ही यंत्रणा ज्या फार्मची तपासणी करते त्याच फार्मच्या आत राहते. टायमर सेवा बंद पडली तर नियम चालत नाहीत. डेटाबेस सर्व्हर बंद पडला तर निकालाचे पानच उघडत नाही. शांतता म्हणजे आरोग्य असे म्हणून चालत नाही. म्हणून बाहेरून लक्ष ठेवणारे सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजरसारखे साधन जोडीला हवे. बॅकअप परत बसवून पाहिला आहे का, जुनी कागदपत्रे नियमाप्रमाणे निकाली काढली आहेत का, चुकीच्या माणसाला गोपनीय फाइल दिसते का, हे मूळ नियमांच्या कक्षेत येत नाही. पट्टी नसलेला फार्म फार तर या नियमांपुरता निर्दोष असतो.

सद्यःस्थिती. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये फार्मची देखभाल कंपनीकडे असल्याने ग्राहकाला हेल्थ अ‍ॅनालायझर दिसत नाही. स्वतःच्या जागेत सर्व्हर ठेवणाऱ्या संस्थांना मात्र त्याची गरज आहे. २०१०च्या आवृत्तीचे साहाय्य १३ एप्रिल २०२१ रोजी, तर २०१३च्या आवृत्तीचे ११ एप्रिल २०२३ रोजी संपले. २०१६ आणि २०१९ या दोन्हींसाठी १४ जुलै २०२६ ही मुदत ठरलेली आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये आलेल्या सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे शेअरपॉइंटमधूनच हाताळता येतात आणि त्यांची मुदत संपत आल्याचा इशारा हेल्थ अ‍ॅनालायझर देतो. नवे प्रमाणपत्र मिळवून बसवणे प्रशासकाकडेच आहे, म्हणून ज्यांना सूचना जावी त्या व्यक्तींचे ई-मेल पत्ते तिथे आधी नोंदवून ठेवावे लागतात.